वरची रेघ

मेहकरच्या टाइलच्या दुकानात महामाया डोळे मिटून उभी होती आणि एकेका टाइलवरून तळहात फिरवत होती. बाहेर श्रावणाची भुरभुर लागलेली. ओढणीचा काठ भिजला होता, पण तिला त्याची शुद्ध नव्हती.

"ताई, रंग पाहायचा तर डोळे उघडावे लागतात," मागून कुणीतरी हसत म्हणालं.

तिनं डोळे उघडले नाहीत. "ज्या माणसासाठी घेऊन राह्यली, त्याले रंग दिसत नाही."

झालं! बोलणाऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं. देवानंद त्याचं नाव. देऊळगाव राजाचा टाइल मिस्त्री, मेहकरात कामं करायचा. शब्द तोंडातून निघून गेला होता, आता परत कसा घेणार?

"चुकलो," तो म्हणाला. "कोण हाये घरी?"

"आई."

त्यानं तिच्या हातातली गुळगुळीत टाइल अलगद काढून घेतली आणि जागेवर ठेवली. "मग ही नको. घर दाखवा आधी."

घर डोणगावात. महामाया तिथं ब्लाऊज शिवायची. गावातल्या निम्म्या बायका तिच्या हातचं घालायच्या, आणि तिच्या मापात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. वडील जाऊन वर्षं झाली होती. आई सिंधूताईंचे दोन्ही डोळे काचबिंदूनं नेले. तेही त्या माउलीनं सोसलं. पण मागच्या वर्षी न्हाणीत बादलीवर वाकताना पाय घसरला, खांदा दुखावला, हात वर जाईना. तेव्हापासून महामाया आईला अंघोळ घालायची.

अन् तिथंच सगळं मोडलं. सिंधूताई रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून, लुगडं मुठीत घट्ट धरून बसायच्या. "आज राहू दे व पोरी, काल तं केली." डोळे गेले तेव्हा न रडलेली बाई लेकीच्या हातून अंगावर पाणी घेताना रडायची, आणि तोंडावर पाणीच आहे म्हणून ते कुणाला कळायचं नाही. दोन स्थळं आली. महामायानं दोन्ही परत लावली. "मी गेली तं आईले अंघोळ कोण घालन?" एवढंच तिचं उत्तर. सिंधूताईंनी ते आतून ऐकलं होतं.

देवानंदनं न्हाणी पाहिली. डोळ्यांवर रुमाल बांधून चाचपडत दोन चकरा मारल्या. महामाया दाराला टेकून बघत होती. हसावं की काय करावं, तिला कळेना.

"दोन टाइलांमधला सांधा मोठा ठेवू," तो रुमाल सोडत म्हणाला.

"माय व! सांधा दिसू नाही म्हणून लोक जीव टाकतात, अन् तुम्ही मोठा करता?"

"मावशींना कुठं दिसायचाय? हाताला लागला पाहिजे." त्यानं भिंतीवर हवेतच बोट फिरवलं. "दारापासून शॉवरच्या नळापर्यंत एक आडवा सांधा. बोट बसेल एवढा रुंद, अन् आत दबलेला. बोट घालायचं अन् चालायचं. जिथं उभा सांधा बोटाला अडवेल, तिथं नळ. खाली बारक्या टाइल, सांधेच सांधे, पाय सरकणारच नाही. बादली नको अन् वाकणं नको. स्टुलावर बसायचं, नळ फिरवायचा..."

"अन् आतून कडी?" खाटेवरून सिंधूताईंचा आवाज आला. किती दिवसांनी त्या स्वतःहून बोलल्या होत्या!

"लावायची ना मावशी. कडीपर्यंत सांध्याची रेघ नेतो."

काम सुरू झालं. ओल्या सिमेंटचा वास घरभर, पत्र्यावर पावसाची टपटप, आणि त्यात मिस्त्रीची शीळ. महामाया चहा द्यायला जायची, मग कप घ्यायला जायची, मग कप मिळाला की नाही ते पाहायला. तो "मला" म्हणाला की ती हसायची, ती "मले" म्हणाली की तो. आणि एका दुपारी तिच्या लक्षात आलं, तो आता तिला ताई म्हणत नव्हता.

"मिस्त्री आल्यापासून तुही मशीन लई थांबते व," सिंधूताई म्हणाल्या.

"दोरा तुटते, आई."

"हाव का?"

रेघेची उंची ठरवायची त्या दिवशी सिंधूताई शेजारी कोकिळाबाईकडे बसल्या होत्या. देवानंद घुटमळला. "तुम्हीच डोळे मिटून या..."

ती आली. थंड भिंतीला हात लागला. ती पाऊल टाकेल तसतशी तिच्या बोटाखालून पेन्सिल सरकत होती. पेन्सिलीचा आवाज जवळ होता, आणि त्याचा श्वासही. रेघ नळापाशी संपली, तेव्हा त्यानं तिचं बोट हलकेच धरलं.

"हलू नका... सांध्याची रुंदी घेतो."

"एवढा वेळ लागते?"

"माप चुकलं की सगळं चुकतं."

"हे मले सांगता?" ती म्हणाली. पण तिनंही हात काढला नाही.

टाइल बसल्या, सांधे भरले, वाळले. सिंधूताईंना दारात उभं केलं. त्यांनी हात पुढे केला आणि भिंत चाचपत निघाल्या. तळहात नुसता टाइलवरून घसरत राहिला. अर्ध्यात त्या थांबल्या.

"कुठी हाये रे?"

रेघ त्यांच्या हाताच्या वीतभर वर होती. खांद्यामुळे तिथवर हात पोचतच नव्हता.

सिंधूताईंनी मागं हात करून लेकीचं मनगट पकडलं आणि भिंतीला लावलं. बोट बरोब्बर सांध्यात जाऊन बसलं.

"मिस्त्री, हे माप कोणाचं घेतलं?"

देवानंदनं मान खाली घातली.

"अन् तू व? गावभरच्या बायकायचे मापं घेते. आई आपल्याहून ईतभर बुटकी हाये, हे सांगाचं सुचलं नाही तुले?"

आवाजात राग नव्हता, पण महामायाला ते चटका बसावा तसं लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आईला विसरली होती, आणि विसरली तेव्हा किती सुखात होती, हे तिला आठवलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नवी रेघ करा," ती देवानंदकडे न बघता म्हणाली. "अन् काम झाल्यावर... पुन्हा इकडं येऊ नका."

त्यानं छिन्नी उचलली. मग खाली ठेवली. "करतो. पण एक ऐका. मला तुमचा हात सोडवत नव्हता, म्हणून माप तुमचं झालं. चुकलो, ते कबूल. पण मनात आलं ते खोटं नव्हतं."

ती मशीनवर जाऊन बसली. छिन्नीचे घाव पडत राहिले, रेघेखालच्या टाइलांची ओळ निघाली. या वेळी त्यानं सिंधूताईंना स्टुलावर बसवून, उभं करून, चालवून रेघ मारली. आणि मशीन एकदाही थांबली नाही. दिवसभर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सिंधूताई खाटेवर बसून ते ऐकत होत्या.

सांधे पक्के वाळले त्या सकाळी सिंधूताई धुतलेलं लुगडं काखेत घेऊन एकट्या आत गेल्या. दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

सवयीनं महामाया टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिली होती. आत काहीच हालचाल नाही... मग नळ फिरला आणि पाणी पडू लागलं. ते थांबेचना.

"आई, टाकी खाली होईन व!"

"होऊ दे!" आतून आवाज आला, असा खणखणीत की महामाया दचकलीच.

देवानंद ओट्यावर हत्यारं पिशवीत भरत होता. तो खालच्या मानेनं म्हणाला, "मावशी बाहेर आल्या की वरचा सांधा बुजवून देतो. मग निघतो. तुम्ही येऊ नका म्हणालात, ते ध्यानात हाये."



पाणी क्षणभर थांबलं. "मिस्त्री! वरची रेघ बुजवू नको बरं!"

"काऊन, मावशी?"

"राहू दे. पोरगी माहेरी येईन, तवा तिले लागन."

पुन्हा पाणी सुरू झालं.

महामाया भिंतीला टेकून खाली बसली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. ज्या उत्तरानं तिनं दोन्ही स्थळं परत लावली होती, ते उत्तर आईनं आज कडी लावून काढून घेतलं होतं. देवानंद पिशवी तिथंच ठेवून जवळ आला.

तिनं डोळे पुसले. मग हात पुढे केला.

"घ्या."

"काय?"

"माप. सोडवत नव्हता नं हात?"

त्यानं तो धरला. सिमेंटनं खरबरीत झालेली बोटं. "महामाया," तो पहिल्यांदाच नाव घेऊन म्हणाला, "या वेळी बराच वेळ लागेल."

"लागू द्या," ती म्हणाली. "आई कुठी लवकर निघून राह्यली."