तिसऱ्या खंडातली मिलिसेंट

एडविन पेलच्या प्रत्येक कादंबरीत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, खंडात बाई मरायचीच. नवऱ्याचं न ऐकणारी तर हमखास. वाचनालयांना तेच हवं असायचं. यॉर्कमधल्या घरात बसून त्याचं गिचमिड लिखाण छापखान्यासाठी सुवाच्य उतरवायचं काम त्याच्या बायकोचं, टॅबिथाचं. सतरा वर्षांत तिने अकरा बायका निमूटपणे मारल्या होत्या.

या खेपेला नव्या कादंबरीतली मिलिसेंट नदीत जीव देणार होती. सोमवारी एडविनने टॅबिथाची प्रत तपासली. काठावर उभी राहून मिलिसेंट म्हणत होती, "मी नाही जायची."

"हे काय नवीन खूळ?" एडविन कडाडला.

"देवाशपथ, मी नाही लिहिलं."

"मग काय शाई आपोआप सांडली? अक्षर तुझंच आहे!"

तिने पान पुन्हा उतरवलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग वाचलं. मिलिसेंट काठावरून घरी परतली होती. पानाला चिखलाचा वास येत होता. टॅबिथाने पान दूर सरकवलं. पण खरं सांगायचं तर, तिला बरंही वाटलं.

तिसऱ्यांदा तेच घडलं तेव्हा एडविन ओरडला नाही. त्याच्या गोड बोलण्याची तिला जास्त भीती वाटायची.

"विश्रांती हवी गं तुला."

त्या काळी दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या की नवऱ्याला बायको वेड्यांच्या इस्पितळात टाकता यायची. शेजारच्या मिसेस क्रॅब तशाच गेल्या, त्याला चार वर्षं झाली. अजून परतल्या नव्हत्या.

गुरुवारी दुपारी चहाला दोघे डॉक्टर आले. अर्ज एडविनने त्यांच्यासमोर लिहिला. थोरल्या डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मिस्टर पेल, रुग्ण म्हणून तुम्ही स्वतःचंच नाव घातलंय."

एडविन हसला. दुसरा कागद घेतला.

पुन्हा तेच.

तिसरा कागद त्याने घाईघाईने खरडला. अक्षर मात्र ठाम होतं, आणि बाईचं होतं.

डॉक्टर आता टॅबिथाकडे बघत नव्हते.

त्यांच्या सह्या झाल्या; आता घरच्या माणसाची सही लागत होती. टॅबिथाने ती केली.

गाडी त्याला घेऊन गेली. "सुटले गं बाई," ती मोठ्याने म्हणाली आणि वरच्या खोलीत गेली. टेबलावर नवं पान होतं, शाई ओली. त्यालाही चिखलाचा वास येत होता.

'टॅबिथा वर आली. आता ती खुर्चीत बसेल, आणि मी सांगेन ते लिहील.'

ती बसली.