दुपारी बदलणारं पान

दार उघडलं तर समोर एक मुलगी उभी. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात ओला रुमाल.

"या किल्ल्या मला आज चार वाजता परत करायच्या आहेत," ती म्हणाली. "नोकरीसकट. त्याआधी काहीतरी करा."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. "आत ये. आधी पाणी पी, मग रड, मग सांग. याच क्रमानं."

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर वहिनींनी एकतीस वर्षं काढली होती. माणूस काय लिहितो यापेक्षा काय गाळतो ते बघायची सवय तिथंच लागली. पुढे छोट्या जाहिराती मोबाइलमध्ये गेल्या, खिडकी बंद झाली आणि वहिनींनी त्या सवयीचाच धंदा केला, खासगी तपासाचा. जोडीला त्यांची नणंद, शिवणाच्या वर्गातून निवृत्त झालेल्या वन्सं. वन्सं टिपणं घेत आणि दर वेळी चुकीच्या माणसावर ठाम संशय घेत.

मुलगी वेबसाइट डिझाइन करणारी होती. तिचं ऑफिस म्हणजे पूर्वीचं पाट्या रंगवायचं दुकान. आताच्या मालकांच्या वडिलांनी ते सुरू केलं होतं.

"सोमवारी एका चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट सुरू झाली," ती सांगू लागली. "दुकानदारांनी एकेक पान बघून सही केली होती. मंगळवारी दुपारी पहिल्या पानावरची अक्षरं मोठी झाली. बुधवारी राखाडी अक्षरं काळी झाली. काल वरची सरकणारी चित्रं गेली आणि तिथं दुकानाचा फोन नंबर आला."

"कुणी केलं?"

"मी! म्हणजे मशीनमधली नोंद तसं म्हणते. माझ्याच मशीनवरून, माझ्याच नावानं, एक ते दीडच्या मध्ये. तेव्हा मी गच्चीवर डबा खात असते. मशीन बंद करून जात नाही, ती माझी चूक. पण मालक म्हणतात, एक तर तू केलंस, नाहीतर पासवर्ड बाहेर दिलास. चारला दुकानदार येणार. तोवर उलगडा झाला नाही तर मी घरी."

"आणखी काही विचित्र दिसलं?"

"दिसलं ना. परत येते तर माझी खुर्ची पार भिंतीशी ढकललेली. आणि स्क्रीनवर केसाएवढी बारीक निळी रेघ, अगदी आडवी. तिन्ही दिवस. मला वाटलं स्क्रीन गेली, पण रुमालानं पुसली की जाते."

"भूत," वन्सं पुटपुटल्या.

"वन्सं, भुताला दुकानाचा फोन नंबर कशाला हवा?"

ऑफिसच्या जिन्यात अक्षरांचे जुने नमुने अजून भिंतीवर होते. टर्पेंटाइनचा वास मात्र कधीच उडून गेला होता. एके काळी रस्त्यात शिडी लागली की जाणारेयेणारे खाली थबकत. कोऱ्या फळीवर एकेक अक्षर उगवताना बघायला कुणालाच घाई नसे. आता दुकान तळहातावरच्या काचेत उगवतं, आणि ते उगवताना कुणी बघत नाही.

मालक चाळिशीतले, कपाळाला आठ्या. "मला काय हौस आहे का मुलीला काढायची? पण गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"एक ते दीड तुम्ही कुठे असता?"

"घरी जेवायला."

"आणि ऑफिसात कोण असतं?"

"कुणीच नसतं."

"मग फोन वाजला तर?"

"तो पेंटरकाका घेतात."

वहिनींनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. तिथं जाहिरातींचा माणूस बसला होता. किती लोकांनी पान पाहिलं, किती वेळ पाहिलं, हे दिवसभर मोजायचं हे त्याचं काम. ऑफिसात त्याला आकडेबहाद्दर म्हणत.

"कुणी केलं ते देव जाणे, पण आकडे बघा हो!" तो म्हणाला. "सोमवारी माणसं अकरा सेकंदांत पळत होती. काल दीड मिनिट थांबली."

"म्हणजे फायदा तुमचाच!" वन्संनी पेन रोखलं. "कबूल करा."

"मी? अहो, ती सरकणारी चित्रं मी भांडून घालायला लावली होती. माझंच बाळ कापून टाकलंय! आणि दुपारी मी हिच्यासमोर गच्चीवर असतो. रोज हिच्या डब्यातलं खातो. हिची नोकरी गेली तर उपाशी मरेन."

मुलगी रडता रडता हसली.

"काम करताना तुझ्याजवळ कोण असतं?" वहिनींनी तिला विचारलं.

"कुणी नाही. काका फडकं मारत असतात, तेवढेच."

पेंटरकाका मागच्या खोलीत होते. सत्तरीचे, पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर फडकं. धुतलेले कुंचले डब्यात उभे होते. फळीवर निळीची डबी, बाजूच्या खिळ्याला एक लांब निळसर दोरा. काका नवाकोरा चष्मा लावून, हात ताठ लांब करून वर्तमानपत्र वाचत होते.

"काका, नंबर चुकला वाटतं चष्म्याचा," वन्सं कळवळून म्हणाल्या. "जवळचं दिसत नाही का?"

"दिसायला पाहिजे तिथलं झकास दिसतं, बाई."

"दुपारी फोन फार येतात का हो?" वहिनींनी विचारलं.

"चष्मेवाल्याचेच येतात. त्याच्या पानाच्या तळाशी आमचा नंबर आहे ना, अडचण आली तर म्हणून." काका हसले. "सगळी माझ्या वयाची माणसं. चष्मा पाहिजे म्हणून तिथं जायचं, आणि तिथलं वाचायलाच चष्मा लागायचा!"

"आज ऑफिसात गडबड कसली चालली आहे, ठाऊक आहे?"

"मला कोण सांगतंय? दार लावून बोलतात. मी आपला बाहेरून दार पुसतो."

जिन्यात आल्यावर वन्सं म्हणाल्या, "बिचारा म्हातारा. पण सदरा बघितलात? काय निळीतून काढलाय! लिहून ठेवा वहिनी, चोर तो आकडेवालाच."

"वन्सं, तुमचा मला केवढा आधार आहे. तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवाल, त्याला बिनधास्त सोडून द्यायचं."

चार वाजता दुकानदार आला. वहिनींनी पेंटरकाकांनाही बोलवायला सांगितलं.

"त्यांचं इथं काय काम?" मालक म्हणाले.

"तेच सांगायचं आहे."

मुलीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दुकानदारानं थेट मुद्द्याला हात घातला. "आज अक्षरं बदलली. उद्या कुणी माझ्या गिऱ्हाइकांची माहिती पळवली तर? घरात शिरलं कोण, तेवढं मला कळू द्या."

"घरात कुणी शिरलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "माणूस घरातलाच. मी विचारलं, दुपारी ऑफिसात कोण असतं? मालक म्हणाले, कुणीच नाही. मुलीला विचारलं, जवळ कोण असतं? ती म्हणाली, कुणी नाही. आणि दोन्ही वेळा त्या 'कुणी नाही'च्या मागून काकाच निघाले."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"मशीनवर काम करणारा माणूस खुर्ची ओढून घेतो. हा ती दूर ढकलतो, कारण हा जन्मभर उभ्यानं काम करत आला. स्क्रीनवर निळी रेघ उमटते. वन्सं म्हणाल्या, नीळ सदऱ्यासाठी. असेल. पण खिळ्यावरचा दोरा का निळा? कारण पाटी रंगवणारा निळीचा दोरा ताणून ओळ सरळ आहे का ते बघतो. काकांनी तोच दोरा स्क्रीनवर धरला. बदल कोणते? अक्षरं मोठी, रंग काळा, नंबर वर. फोनवर तक्रारी करणारी माणसं हेच मागणार, आणि त्या वेळी फोन घेणारा एकच." मग वहिनी दुकानदाराकडे वळल्या. "काकांचा नवा चष्मा तुमच्याकडचा ना? किती अंतरासाठी दिलात?"

दुकानदार चपापला. "दोन फूट. मी विचारलंसुद्धा, या वयात कॉम्प्युटरचा चष्मा कशाला? म्हणाले, एक नवीन तऱ्हेची पाटी शिकायची आहे."

"म्हणून वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं. नंबर चुकलेला नाही, वन्सं."

"काका, तुम्ही?" मुलगी म्हणाली. "पण शिकलात कुठे?"

"तुझ्या पाठीमागे. हातात फडकं असलं की कुणी हटकत नाही." काका गोंधळून सगळ्यांकडे बघत होते. "पण यात चोरी कसली? पाटी लावली की आठ दिवस समोर जाऊन उभं राहायचं. कुणाला काय वाचता येत नाही ते ऐकायचं आणि शिडी लावून दुरुस्त करायचं. मोठ्या मालकांचा, यांच्या वडिलांचा, नेम होता तो. सहीबिही नंतर कोण बघत होतं? दुरुस्त नाही केलं तर ते ओरडायचे."

"तुमच्या दुरुस्तीपायी हिची नोकरी चालली होती," वहिनी हळूच म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी फडकं खांद्यावरून काढून टेबलावर ठेवलं. "हात माझा होता. काढायचं तर मला काढा. पोरीला काही म्हणू नका."

"लहानपणी तुमची शिडी मी धरायचो, काका," मालक म्हणाले. "आणि विचारलं तर म्हणालो, ऑफिसात कुणीच नसतं." त्यांनी किल्ल्या मुलीकडे सरकवल्या. "माझं चुकलं. तुझंही आणि यांचंही मी काही ऐकलंच नाही."

"माझी भीती गेली," दुकानदार म्हणाला. "पान असंच राहू दे. आणा, सही करतो."

"थांबा," मुलगी म्हणाली. ती केव्हाच आपल्या मशीनशी जाऊन ते पान निरखत होती. "काका, राखाडी रंग मला छान दिसत होता. माझे डोळे तेवीस वर्षांचे, हे लक्षातच आलं नाही. पण नंबर अगदी वर नको. मोबाइल एका हातात धरला की अंगठा तिथं पोचत नाही. खाली घेऊ."

"अंगठा?" काका पुढे वाकले. "बघ, हे मला जन्मात सुचलं नसतं. आमची पाटी कुणी अंगठ्यानं वाचत नव्हतं!"

नंबर खाली आला. आकडेबहाद्दरानं तेवढ्यात आपल्या सरकत्या चित्रांचा विषय काढून बघितला. दोघांनी एका सुरात "नाही" म्हटलं.

"आता माझ्या नावानं काम करायचं नाही हं," मुलगी काकांना म्हणाली. "मालक, यांना स्वतंत्र खातं उघडून देते."

मालकांनी होकार दिला. तिनं काकांचं नाव टाकलं. पुढच्या चौकटीत मशीननं पद विचारलं.

"ज्येष्ठ कलाकार लिही," मालक म्हणाले. "अडतीस वर्षं झाली त्यांना इथं."

"छे छे!" काकांनी तिचा हात अडवला. "शिकाऊ लिही गं. ते पद मी फारच लवकर सोडलं होतं."