तिसरी हाक

"म्हाताऱ्यांचा डॉक्टर तरणाच असणार बघ," शुक्रवारी सकाळी रिक्षात बसताना माई म्हणाल्या. "म्हातारा असता तर आधी त्यालाच कुणीतरी दाखवायला न्यायला नको का?"

विमलाला हसू आलं, पण तिने घड्याळ बघितलं. शाळेच्या ग्रंथालयातून तिला अर्ध्याच दिवसाची रजा मिळाली होती. १९७९ सालचा फेब्रुवारी सरत आला होता. बावड्याच्या साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. वारा फिरला की मळीचा आंबूस वास शाहूपुरीपर्यंत येई.

डॉक्टर हुपरीकर विलायतेतून फक्त म्हातारपणाचे आजार शिकून आले होते. शाहूपुरीतला दवाखाना त्यांनी मुद्दाम तळमजल्यावर घेतला होता, एकही पायरी नसलेला. तपासायची रीतही निराळी होती. नाडी, रक्तदाब झाल्यावर त्यांनी विमलाला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मधला हिरवा पडदा ओढून घेतला.

"माई, आता लेकीला हाक मारा. घरी मारता तशीच. ओरडायचं नाही."

बाहेर जोतीराम कंपाउंडर वही घेऊन उभा होता. कितव्या हाकेला घरचं माणूस उठतं, ते त्याने लिहायचं. विमलाच्या हातात पुस्तक होतं. परिच्छेद संपवून ती उठली तेव्हा जोतीरामने 'तिसरी' असं लिहिलं.

"घरीबी असंच हाय व्हय?" त्याने विचारलं.

आतून माईच बोलल्या. "पहिल्या दोन मी पुस्तकाला मारते, तिसरी हिला. तिसरीला उठतेच ती. नेमाची आहे."

डॉक्टर हसले नाहीत. "हृदय दमलंय," ते विमलाला म्हणाले. "फार हाका मारायला लावू नका. पंधरवड्याने, शुक्रवारीच परत आणा."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा होती. दुपारी जेवण आटोपून विमला बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन आडवी झाली. माई आत खाटेवर होत्या.

"विमल."

तिने पान उलटलं.

"विमल."

दोनच ओळी राहिल्या होत्या. पानात बोट घालून ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. ती आली नाही. झोप लागली असेल, असं मनाशी म्हणून तिने प्रकरण पुरं केलं. चहाच्या वेळी उठवायला गेली, तेव्हा माईंचा हात दाराच्या दिशेने पसरलेला होता आणि गार पडला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने एकच सांगितलं. "माझा जरा डोळा लागला होता. काही ऐकू आलं नाही." शेजारच्या अंबूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "निजलेल्या माणसाचा काय दोष गं?" तो हात तिला सोसत नसे. दुपार झाली की तिला एका जागी बसवेना. ती घासलेली भांडी पुन्हा घाशी, दाराची कडी उगीच काढी, लावी. पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीवरच मान वर होई.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो शुक्रवार आला. आपण नंबर सोडला तर दुसऱ्या कुणाची तरी सोय होईल, म्हणून ती चालत शाहूपुरीत गेली.

जोतीरामने वहीतून मान वर केली नाही. "उशीर केलासा, बाई. माई कवाच्या आत जाऊन बसल्यात."

"माई गेली, जोतीराम. काल तेरावा झाला. मी नंबर सोडायला आलेय."

"काय बोलतासा? आत्ता वजन केलं की मी." त्याने वही तिच्याकडे फिरवली. आजची तारीख होती, माईंचं पूर्ण नाव होतं. बेचाळीस किलो. "चपला काढा म्हटलं, तर म्हणाल्या, घातल्याच नाहीत."

"दुसऱ्या कुणी असतील." आपला आवाज तिला नीट वाटला. शहरात एका नावाच्या दोन बायका असू शकतात.

बाकावर एक आजोबा एकटेच बसले होते. ते सरकले. "बसा की, बाई. आपलं माणूस आत असलं की बसायचं असतंय."

तिला बसवेना. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, तिथून दारापाशी आली. बाहेर ऊन होतं, रस्ता नेहमीसारखा वाहत होता. निघून जावं, असं तिने ठरवलंही.

"विमल."

ओरडून नाही. घरच्यासारखी.

जोतीरामने पेन्सिल उचलली. "पयली," तो म्हणाला आणि त्याने लिहिलं.

एवढ्यात दारातून डॉक्टर आत आले. हातात बॅग, कपाळावर घाम. "आज फारच उशीर झाला. आत कुणाला सोडलं नाहीस ना रे?"

जोतीरामने वहीतल्या नावावर बोट ठेवलं. तो डॉक्टरांकडे बघत राहिला, मग पडद्याकडे.

"विमल."

डॉक्टरांनी बॅग आवाज न करता खाली ठेवली. जोतीरामची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली राहिली.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याखाली दोन अनवाणी पावलं दिसत होती. बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, पडद्याच्या अगदी कडेशी.



विमला थांबली. मग तिला कळलं, की ती पुन्हा वाटच बघते आहे.

ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझा डोळा लागला नव्हता. मी जागी होते. दोन्ही हाका मी ऐकल्या होत्या."