सतरा क्रमांकाची काच

पहिल्याच भेटीत श्रीनिवासने श्यामलाला पाठ फिरवून बसायला सांगितले.

नेहमीचे तपासनीस रजेवर गेले, म्हणून सदाशिव पेठेतल्या त्या प्रयोगशाळेत तीन आठवड्यांपुरता नागपूरहून आलेला हा डॉक्टर. तिच्या पेटीत काचांवर बसवलेले उंदरांच्या मूत्रपिंडांचे पातळ छेद. काही उंदरांना नुसते कॅडमियमचे विष दिलेले, काहींना विषासोबत मेटफॉर्मिन... मधुमेहावरचे ते औषध मूत्रपिंडही वाचवते का, हा तिचा चार वर्षांचा प्रश्न. कोणती काच कोणाची, हे तिलाच ठाऊक; वाचणाऱ्यापुढे केवळ क्रमांक.

"चेहरा फार बोलका आहे तुमचा," तो म्हणाला होता. "मी उत्तर त्यावरच वाचेन. खिडकीकडे तोंड करा."

"नागपुरात पाहुण्यांना असंच बसवतात?"

"पाहुणा मी आहे, मॅडम. पण पुण्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही."

तेव्हापासून ती रोज खिडकीकडे पाहत बसे. हात मागे करून एकेक काच देई. तो ती अलगद घेई — बोटाला बोट न लागू देता. समोरच्या गच्चीवर एक निळी ओढणी वाळत असे. मागे त्याचा श्वास, सूक्ष्मदर्शकाच्या चाकाची कुरकुर, कागदावर चालणारे पेन. न पाहताच एखादा माणूस आपल्यात इतका साठत जावा?

आज शेवटची पेटी. संध्याकाळच्या गाडीने तो नागपूरला परतणार होता.

तिने सतरावी काच दिली. चाकाची कुरकुर थांबली... मग अस्फुट स्वर, "अरे वा! पेशींची रांगच्या रांग शाबूत —"

सतरा! विष आणि औषध, दोन्ही दिलेला उंदीर. श्यामला गर्रकन वळली.

तो काचेकडे पाहतच नव्हता. तिच्याकडेच पाहत होता.

"संपलं," तो हळूच म्हणाला. "ही काच बाद. चेहरा वाचला मी."

"अहो, माझी चार वर्षं आहेत त्यात!"

"सतराची जागा कोरी ठेवतो. विसर पडायला दोन आठवडे जाऊ द्यायचे, क्रमांक बदलायचा, पुन्हा वाचायची. त्याच वाचकानं. नियमच आहे तसा."

"म्हणजे तुम्ही परत..."

"यावंच लागेल." त्याने पेन खाली ठेवले. "औषधासाठीच वळलात ना?"

वाऱ्याने गच्चीवरची ओढणी फडफडली.

"अर्धी," ती म्हणाली. "अर्धी औषधासाठी."

"आणि उरलेली?"

ती पुन्हा खिडकीकडे वळली. "अजून सात काचा राहिल्यात, डॉक्टर. वाचा."

तिने अठरावी काच मागे धरली. या वेळी बोट चुकवून ती घ्यायची त्याने मुळीच घाई केली नाही.