शिवणीतली माया

"संताजीरावांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही," सहना म्हणाली. "आणि त्यांनी स्वतःचं शिंप्याचं दुकान माझ्या नावावर केलंय."

बिंदुमाधवांनी चष्मा वर सरकवला. म्हैसुरात ते खासगी तपासाची कामं करत. दाराशी त्यांचा सोबती कार्तिकेय कॉफी फुंकत बसला होता.

"मृत्युपत्र खरं आहे?"

"वकील म्हणतात, पक्कं आहे. पण त्यांचा पुतण्या फत्तेसिंगराव म्हणतो, मी म्हाताऱ्याला फसवलं. गल्लीत तर त्याहून वाईट बोलतात. मी त्यांची कोण, एवढंच शोधून द्या."

"वडील काय म्हणतात?"

"अप्पा म्हणतात, ओळख नाही, नाकारून टाक."

बिंदुमाधवांची नजर तिच्या कुर्त्यावर गेली. "हा कुठे शिवला?"

"अप्पा दर दिवाळीला आणतात. माप न देता बरोबर बसतो."

त्यांनी बाहीची कड उलटून पाहिली. शिवणीत भरपूर माया, म्हणजे वाढत्या अंगासाठी जादा कापड, सोडलेली होती, आणि हातशिलाईचे टाके नेहमीच्या उलट बाजूला कललेले होते.

"मशीन बिघडलं असेल," कार्तिकेय म्हणाला.

"हातशिलाईला मशीन?" बिंदुमाधव उठले.

देवराज मार्केटमागच्या संताजीरावांच्या दुकानात फत्तेसिंगराव तोंड फिरवूनच उभा राहिला. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता.

"ही कोण?"

"दीपश्री. काकांची एकुलती मुलगी. वरुणा गावच्या कालव्यात बुडून गेली."

"पाय घसरून?"

"लोकांना तसंच सांगितलं." त्याचा आवाज खाली आला. "चपला काठावर काढलेल्या होत्या, स्वामी. आणि पोहण्यात ती आम्हाला मागे टाकायची. काय ते समजून आम्ही गप्प बसलो."

बरोबर आलेली सहना पुढे झाली. "वरुणाला माझी आत्या राहते. अप्पा कालव्याचा रस्ता टाळून लांबून नेतात. मला पाण्याची भीती वाटते ना, म्हणून."

"कधीपासून?"

"आठवतं तेव्हापासून."

संध्याकाळी तिचे वडील श्रीनिवासराव घरात येरझाऱ्या घालत होते. "मी त्या माणसाला ओळखतच नाही! कोण कुठला डावखुरा शिंपी, त्याचं दुकान आम्हाला कशाला?"

बिंदुमाधवांनी वाद घातला नाही. "उद्या दुकानात या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. कार्तिकेय पुटपुटला, "मला अजून काही कळलं नाही."

"श्रीनिवासराव, संताजीराव डावखुरे होते, हे तुम्हाला कसं माहीत? मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते या कुर्त्याच्या टाक्यांवरून कळलं; इथल्या कपड्यांवरही तेच उलटे टाके आहेत. दर दिवाळीचा कपडा तुम्ही इथूनच न्यायचात."

श्रीनिवासराव दाराकडे वळले, पण बिंदुमाधव पुढे बोलत राहिले.

"पाय घसरणारा चपला काढून ठेवत नाही. जीव द्यायचा, तर पट्टीची पोहणारी पाण्याची वाट धरत नाही. चपला काढून पाण्यात उतरतो तो कोणाला तरी बाहेर काढायला. कालव्याचा रस्ता टाळणारा बाप, आणि आठवायच्या आधीपासून पाण्याला घाबरणारी पोर. आता तुम्हीच सांगा."

श्रीनिवासराव भिंतीला टेकले. "सहना दोन वर्षांची होती, खेळता खेळता पाण्यात गेली. मला पोहता येत नव्हतं. त्या मुलीने हिला माझ्या हातात दिलं, आणि पाण्याच्या ओढीत ती स्वतः... भर दुपार, दुसरं कोणी नव्हतं. मी संताजीरावांच्या पाया पडलो. ते म्हणाले, कोणाला सांगू नकोस. या पोरीने जन्मभर ओझं वाहायला नको. माझी दिवाळी आता रिकामी जाणार, हिचा कपडा तेवढा मी शिवीन."

"अय्यो, काका!" फत्तेसिंगराव मटकन खाली बसला. "लोक काय काय बोलले, आम्ही बोललो, आणि तुम्ही ऐकून घेतलंत! तिने आत्महत्या केली असं समजून आम्ही घरात तिचं नावसुद्धा काढत नव्हतो."

सहना त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"केवढी होती ती?"

"पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला." तो तिच्याकडे बघत राहिला. "तू काय शिकतेस?"

"तेच," सहना म्हणाली.

तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि रडत रडतच तो दीपश्रीबद्दल सांगू लागला.