टेकडीवरचा गुरगुऱ्या

"पळतोय! राक्षस पळतोय!" केनपेई किंचाळला. "आत्ता धक्क्यापाशी होता, आता देवळाकडे निघाला!"

"हळू ओरड! राक्षसाला कान असतात," रिकुतो म्हणाला.

केनपेईच्या ताईनं, शिओरीनं, माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना गर्रकन फिरवला. देवळाच्या दिशेला येताच हातातल्या रेडिओतला आवाज वाढला. घुर्रऽ... हूंऽहूंऽ... खर्रऽ! पोट बिघडलेला देवमासा अंगाई गातोय जणू!

हानेजिमा बेटावर माणसं थोडी, संत्री फार, आणि हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा संत्र्यांहून फार. टेकडीवर त्यांचा नोड होता. हा नोड म्हणजे एक पेटी. रेडिओवरचं बोलणं ती झेलायची आणि इंटरनेटवरून थेट होक्काइदोपर्यंत पोचवायची. आत प्रवेश फक्त यादीतल्यांच्या रेडिओंना. पण सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी हा बिननावाचा गुरगुऱ्या घुसायचा. होक्काइदोतल्या एका आजीच्या कोंबडीनं म्हणे त्या आवाजाच्या धसक्यानं अंडी देणं सोडलं. शेजारणीची कोंबडी दुप्पट द्यायला लागली, हे मात्र कुणी सांगत नाही!

या म्हाताऱ्यांच्या रेडिओ मंडळाचे अध्यक्ष कुराहाशीकाका. त्यांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. रिकुतो! नुकताच परवाना मिळालेला, सुट्टीसाठी हिरोशिमाहून आजीकडे आलेला. आज संध्याकाळच्या बैठकीत यादीतून त्याचं नाव कायमचं खोडणार होते.

शिओरीच्या मनात मात्र दुसराच गुरगुऱ्या बसला होता.

नोडचं दार तिनंच उघडं टाकलं होतं! वसंतात रिकुतोला यादीत घ्यायला मंडळ चालढकल करत होतं. तेव्हा तिनं नोड सांभाळणाऱ्या आपल्या आजोबांचा पासवर्ड टाकून 'फक्त यादीतले'च्या जागी 'सगळे' करून ठेवलं. पासवर्ड ओळखायला अक्कल लागलीच नाही. आजोबांचा कुत्रा गोमा, पासवर्डही गोमा. कुत्रा रोज संध्याकाळी पळायचा आणि आजोबा बेटभर पासवर्ड ओरडत फिरायचे! मग रिकुतोशी भरपूर गप्पा झाल्या, पुढे त्याचं नाव यादीत आलंही, पण दार लावायचं राहून गेलं. आठवलं तेव्हा सांगायची लाज वाटली. आता गुपचूप लावलं, तर गुरगुऱ्या थांबणार आणि सगळे म्हणणार, "बघा, पोरगा घाबरला!"

"ताई, थांबला!" केनपेई ओरडला. "मिठाईच्या दुकानापाशी! कालही तिथंच थांबला होता!"

तिघं उतारावरून सुसाट सुटले आणि दुकानासमोरच्या भिंतीमागे दबा धरून बसले.

"रिकुतो," शिओरी कुजबुजली, "काकांनी दरडावलं तेव्हा तू बोलला का नाहीस? तुला तर सगळं माहितीये."

"काय बोलू? शिओरीनं दार उघडलं म्हणून?" रिकुतो अँटेनाकडे बघत म्हणाला. तिला वाटलं, यापेक्षा त्यानं एक चापट मारली असती तर बरं!

इतक्यात रेडिओतून दबका आवाज आला, "बाई, तीन दाइफुकु! आमच्या हिला सांगू नका हं, डॉक्टरांनी गोड बंद केलंय!"

आणि तेच शब्द, त्याच क्षणी, भिंतीपलीकडूनही!

तिघांनी उडी मारली. पांढऱ्या छोट्या ट्रकमध्ये अध्यक्ष कुराहाशीकाका! तांदळाच्या पिठाच्या मिशा, गालात अख्खा गोडगट्ट दाइफुकु, आणि बुडाखालून डोकावणारी वायर.

"काका, जरा उठा बघू!" केनपेई म्हणाला.

"उठू? मी? का?"

काका उठले. सीटवरच्या गादीखाली त्यांच्या नव्याकोऱ्या रेडिओचा माइक, बटण दबलेला! रोज दुपारी काका त्यावर बसून गुणगुणत बेटाला चक्कर मारत होते. बटण सुटून वाट मोकळी होताच रेडिओ बोलला, "हानेजिमा, होक्काइदो बोलतोय. मिळाले का तीन दाइफुकु?"

"काका, रेडिओत तुमचं नाव का नाही भरलं?" शिओरीनं विचारलं.

"ते सूचनांचं जाडजूड पुस्तक वाचतो कोण!"

संध्याकाळी बैठकीत हसून हसून म्हाताऱ्यांच्या कवळ्या निसटल्या. कुराहाशीकाका रिकुतोसमोर कमरेत पार वाकले. तेवढ्यात आजोबांनी डोकं खाजवलं. "पण बिननावाचा रेडिओ आत घुसला कसा? पेटीच बिघडली असणार."

चला, सुटले! नुसती मान हलवली की झालं! शिओरीनं रिकुतोकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"पेटी नाही बिघडली, आजोबा," ती म्हणाली. "दार मी उघडं टाकलं. वसंतापासून. रिकुतोला माहीत होतं, तरी तो बोलला नाही. मीही नाही बोलले."

हसू जागच्या जागी विझलं.

"तू सांगशील हे ठाऊक होतं मला," रिकुतो हळूच म्हणाला. "जरा लवकर सांगशील असं वाटलं होतं, एवढंच."

ते तिला फार लागलं. लागायलाच हवं होतं.

कुराहाशीकाका खाकरले. "तीन दाइफुकु कबूल करायला मी पकडला जाईपर्यंत थांबलो. ही पोरगी पकडली न जाता बोलली! आणि गुरगुऱ्याही यांनीच धरला. शाब्बास रे पोरांनो!"

"आणि पासवर्ड गावभर ओरडणारा मी," आजोबा खाली मान घालून पुटपुटले. "शिओरी, आजपासून दाराची राखण तुझ्याकडे."

शिओरीनं त्याच रात्री दार लावलं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. कुत्र्याचं नाव चालणार नाही, हे बजावून! सगळ्यात पहिला रिकुतोचा.

दुसऱ्या दिवशी गोमा पुन्हा पळाला. "गोमाऽऽ!" आजोबांची हाक बेटभर घुमली. कितीतरी महिने ती हाक ऐकली की शिओरीचे कान लाल व्हायचे. आज ती नुसती कुत्र्याला मारलेली हाक होती.

"चल," रिकुतो चपला शोधत म्हणाला, "मिठाईच्या दुकानापाशीच असेल तो!"