पाटीवरची शेवटची ओळ

तुम्ही बेटावर पहिल्यांदाच आलाय, म्हणून सांगतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा, प्रवाळावर अनवाणी चालू नका आणि नारळाखाली खुर्ची टाकू नका. समोरचा पाहुणा आहे की घरचा, हे बघून नारळ पडत नाही. हे सगळं दारातल्या पाटीवर आहेच. शेवटची ओळ मात्र मी रोज सकाळी खडूने लिहितो. वाळूच्या वाटेने समोरच्या खडकावर गेलात, तर किती वाजता परत फिरायचं ते. भरती आली की ती वाट बुडते.

हे पाहुणेघर माझ्या ताईचं. भरतीच्या छापील तक्त्यात वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. गेल्या वर्षी एका सकाळी माझी नजर एक ओळ खाली घसरली आणि पाटीवर दुसऱ्या दिवशीची वेळ लागली. दाजी त्या पाटीवर विसंबून गेले, ते आलेच नाहीत. कुणी बघायच्या आत मी ती ओळ पुसली. ताई वर्षभर समुद्राला बोल लावत राहिली आणि मी मूग गिळून बसलो. लाज वाटते सांगताना.

तेव्हापासून मी वेळ दोनदा ताडून बघायचो. तरी परवा दोन होड्या भरून पाहुणे आले आणि त्या गडबडीत पुन्हा तीच चूक झाली. दुपारी लक्षात आलं तोवर एक नवं जोडपं खडकाकडे गेलं होतं. धडपडत अंगणात उतरलो, तर दोघं फाटकातून आत येत होती. ताई त्यांच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली.

"बरं झालं, वाटेत एकांनी परत पाठवलं," नवरा म्हणाला. "म्हणाले, पाटीवर उद्याची वेळ लागलीय... गेल्या वर्षीसारखी."

ताईने ट्रे पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गेल्या वर्षीसारखी?"

मी मान खाली घातली. ताई त्या मुलीकडे वळली.

"कसे होते गं ते?"

"बरे होते की. हसून बोलले." मुलगी अडखळली. "एकच कळलं नाही... वाट कोरडी ठणठणीत होती, आमच्या चपलासुद्धा भिजल्या नाहीत. आणि ते तिथेच, गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते..."